चाकांवरची चूल आणि चंद्रद्रोणाची कॉफी

महाराष्ट्रीय घरात चहा हा घरचा माणूस आहे आणि कॉफी ही पाहुणी आहे. चहा दिवसातून तीनदा होतो व त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही. कॉफी मात्र एकादशीच्या दुपारी, आजाऱ्याच्या उशाशी, परीक्षेच्या रात्री, अथवा व्याही घरी आले म्हणजेच होते. ती करण्याची आपली रीतही ठरून गेलेली आहे. दूध, साखर व पूड एकत्र उकळावयाची, वर जायफळ किसावयाचे, चिमूटभर वेलदोड्याची पूड टाकावयाची, आणि कपावर बशी झाकून दिवाणखान्यात पाठवावयाची. या पेयात कॉफीचा अंश किती व जायफळाचा किती, हा प्रश्न आमच्या आळीत कोणी कधी काढल्याचे ऐकिवात नाही. दक्षिणेत गेले म्हणजे मात्र तो आपणहून पुढे येतो. तेथील एका सद्गृहस्थांनी आमच्या या पेयाचा एक घोट घेऊन अत्यंत विनयाने, "दूध छान आहे," एवढाच अभिप्राय दिला होता.

शब्दाचाच विचार करावयाचा तर 'कॉफी' हे अरबी 'कहवा' शब्दाचे, तुर्की, डच व इंग्रजी अशी तीन घरे फिरून आलेले रूप होय. आपल्याकडील जुनी मंडळी कॉफीच्या बियांस 'बुंददाणे' म्हणत. त्यांतील 'बुंद' हाही अरबी 'बुन्न'च. पेयाचे नाव युरोपला वळसा घालून आले आणि बियांचे नाव समुद्र ओलांडून सरळ आपल्या किनाऱ्यास लागले, असे आम्हांस वाटते. अमरकोशात यांपैकी एकही नाही, हे सांगावयास नकोच.

गेल्या पौषात आम्ही उभयतां पुतण्याच्या गाडीतून चिकमगळूर जिल्ह्यात आठ दिवस हिंडून आलो. गाडी म्हणजे ज्यास हल्ली 'कॅम्पर व्हॅन' म्हणतात ती: बाहेरून पाहता सामान वाहणारी बंद मोटार, आतून पाहता एक लहानसे बिऱ्हाड. दोन निजावयाच्या फळ्या, त्यांच्याखाली कप्पे, मागच्या दारापाशी ओढून बाहेर काढता येणारी चूल, चाळीस लिटर पाण्याची टाकी, छतावर सूर्याच्या उन्हापासून वीज करणारा पत्रा, आणि ती वीज साठविणारी बॅटरी. शासकीय विजेच्या तारेशी या बिऱ्हाडाचा काहीएक संबंध नाही. मोटारीत असा फेरफार करावयाचा तर परिवहन खात्याची मान्यता लागते. ती कागदपत्रे पुतण्याने आम्ही विचारण्यापूर्वीच आमच्यापुढे ठेविली, कारण आमची खोड त्यास ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाविषयी धोरण जाहीर केले, तेव्हा हा प्रकार केवळ पोरखेळ राहिलेला नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

या प्रवासास एक दुसरेही कारण होते, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुतण्याने बंगळूर येथील चांगल्या पगाराची नोकरी दीड वर्षापूर्वी सोडली, गावातील भाड्याची जागा सोडली, आणि तेव्हापासून तो या गाडीतच राहतो व मिळतील तशी संगणकाची कामे गाडीतूनच करतो. आमचे वडील बंधू यामुळे फार खचले आहेत. मुलगा वेडा झाला, असे ते म्हणत नाहीत. परंतु शेजारी कोणी विचारले म्हणजे, "सध्या बाहेरगावी असतो," असे सांगून विषय बदलतात. त्यांनी आम्हांस बोलावून सांगितले, "तू मास्तर आहेस, तुझे तो ऐकेल. चार दिवस त्याच्याबरोबर राहा आणि त्याला घेऊन ये." अशा रीतीने आम्ही पर्यटकही होतो आणि शिष्टाईसही निघालो होतो.

कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, दावणगेरे हा महामार्ग वाचकांच्या परिचयाचा आहे; त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. धारवाडास पेढे घेतले. दावणगेऱ्यानंतर महामार्ग सोडून बिरूर-कडूरच्या बाजूस वळले, की नारळाच्या बागा सुरू होतात, आणि थोड्याच वेळात क्षितिजावर निळ्या डोंगरांची एक अर्धवर्तुळाकार भिंत उभी राहते. हाच चंद्रद्रोण पर्वत. चंद्रकोरीसारखा वाकलेला म्हणून हे नाव पडले. त्याच्या रांगेतील मुळ्ळय्यनगिरी हे शिखर सुमारे १,९३० मीटर उंच असून ते कर्नाटकातील सर्वोच्च होय.

याच रांगेत बाबाबुडनगिरी आहे. बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात हजयात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणिल्या व या डोंगरावर लाविल्या, अशी आख्यायिका आहे. अरब व्यापारी रुजू शकेल अशी बी देशाबाहेर जाऊ देत नसत, म्हणून लपविणे प्राप्त होते. बियांची संख्या सात हीच का, याचे कारण शोधू जाता बहुधा सात हा आकडा पवित्र आहे यापलीकडे काही सापडणार नाही. आमच्या वाचकांस अधिक जिव्हाळ्याची गोष्ट ही की, त्याच गुहेस दत्तात्रेयांचे पीठ मानितात. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर यांची वारी करणाऱ्या कित्येक दत्तभक्तांस हे स्थान ठाऊकही नसते. एका गुहेस दोन धर्मांची माणसे नमस्कार करीत आली आहेत, आणि अलीकडे तिच्या व्यवस्थेवरून न्यायालयात वादही झाले आहेत. त्या वादात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही दर्शन घेतले, बाहेर येऊन वाऱ्यात उभे राहिलो, आणि खालच्या दरीतील ती काळीभोर हिरवी झाडी पाहिली, जिच्यातील कॉफीचे मूळ म्हणे त्या सात बियांत आहे.

झाडी म्हटले, कारण येथील कॉफीचा मळा चहाच्या मळ्यासारखा उघडा नसतो. वर सिल्व्हर ओक, फणस, आणि रानातील जुने वृक्ष. त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल. आणि त्या सावलीत पुरुषभर उंचीची कॉफीची झुडपे. भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के कॉफी एकटे कर्नाटक पिकविते. बाबाबुडनगिरी व चिकमगळूर येथील अरेबिका जातीच्या कॉफीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु हे वैभव आयते आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानांवर तांबेरा पडून सिंहलद्वीपातील मळेच्या मळे बसले व तेथील मळेवाल्यांनी चहा धरिला. तोच रोग येथेही आला. त्याच्याशी झगडण्याकरिता भद्रेच्या काठी बाळेहोन्नूरजवळ १९२५ साली म्हैसूर संस्थानात संशोधनकेंद्र स्थापन झाले. तेथे निपजलेल्या जातींवर आजचे पुष्कळसे मळे उभे आहेत. आपण सकाळी कप तोंडास लावितो तेव्हा त्या वनस्पतिशास्त्र्यांची आठवण अर्थातच कोणास होत नाही.

आमचा मुक्काम एका मळेवाल्यांच्या अंगणात होता. पुतण्याची त्यांच्याशी ओळख. त्यांनी पाण्याचा नळ व रात्री गाडी उभी करण्यापुरती जागा दिली. "कुंपणाबाहेर मात्र राहू नका," असे त्यांनी बजाविले. या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील मुडिगेरे भागात हत्तींचा उपद्रव आहे, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचले होते; मळेवाल्यांनी ते अशा आवाजात सांगितले की पुन्हा विचारण्याची गरज पडली नाही. फिरत्या घरात राहणाऱ्याने वाटेल तेथे थांबावे, हा समज चुकीचा आहे. मळे खाजगी आहेत, रान वनखात्याचे आहे, आणि शिखरावरचे गवत पौषात इतके वाळलेले असते की एका ठिणगीने डोंगर पेटावा. विचारल्यावाचून थांबू नये व उघड्यावर चूल पेटवू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू. पहिल्या सकाळीच चुलीवरून वाद झाला. पुतण्याजवळ विजेची किटली होती. आमचे म्हणणे, गॅस असता वीज कशास खर्चावी? तो म्हणाला, "काका, बॅटरी भरलेली आहे." आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविले, तथापि विज्ञानाच्या मास्तरांच्या रजेत उष्णतेचे धडेही घेतले आहेत, तेव्हा कागद-पेन्सिल काढिली. अर्धा लिटर पाणी वीस अंशांपासून पंचाण्णव अंशांपर्यंत तापविण्यास साडेसदतीस हजार कॅलरी, म्हणजे सुमारे ४४ वॉट-तास लागतात. त्याची बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तासांची. म्हणजे एका आधणास साठ्याचा सुमारे तिसावा हिस्साच लागतो. पुतण्या जिंकला, असे वाटले. परंतु किटली हजार वॉटची आणि बॅटरी बारा-तेरा व्होल्टची. तेव्हा किटली चालू असेपर्यंत तारांमधून ऐंशी-नव्वद अँपिअर प्रवाह धावणार. घरातील किटलीस चार-पाच अँपिअर पुरतात. एवढ्या प्रवाहास तारा अंगठ्याएवढ्या जाड लागतात, जोड घट्ट लागतात, आणि एखादा जोड सैल असला तर तो लाल होतो. शिवाय छतावरच्या पत्र्यास त्या दाट सावलीत ऊन मिळते किती? दुपारी बाराच्या सुमारास काय थोडेफार मिळेल तेवढेच. दूध थंड ठेवावयाचे, दिवे लावावयाचे, आणि पुतण्याचे कामही त्याच विजेवर चालावयाचे.

उलट गॅसचा हिशेब पाहा. एक ग्रॅम गॅसमध्ये सुमारे अकरा हजार कॅलरी उष्णता असते. निम्मी वाऱ्यावर गेली असे धरिले तरी अर्ध्या लिटरास सात ग्रॅम पुरतात. आम्ही आपले दहा धरू. पाच किलोंचे लहान नळकांडे याप्रमाणे पाचशे वेळा पाणी तापवील. पुतण्याने कागद पाहिला, घडी केला, आणि खिशात ठेविला. त्या दिवसापासून किटली कप्प्यात गेली. पुढे चुलीभोवती वारा अडविण्यासाठी पत्र्याची घडीची भिंत उभी करणे व भांड्यावर झाकण ठेवणे, एवढ्याने आधणाची वेळ पुष्कळ कमी होते, हे आमच्या मंडळींनी त्यास दाखविले. ही गोष्ट कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक आहे. परंतु कॉफीची उपकरणे विकणारे ती सांगत नाहीत.

एका बाबतीत मात्र आम्ही कोणाचे ऐकिले नाही. तेथे पहाटे चांगलीच थंडी असते, आणि आमच्या मंडळींचे म्हणणे पडले की चूल आत घेऊन दार लावावे, म्हणजे गाडीही उबदार होईल. दार बंद करून गॅस जाळिला म्हणजे आतील प्राणवायू कमी होतो, ज्वलन अपुरे होते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गुंगी येते, आणि मनुष्य झोप आली असे समजून निजतो तो उठत नाही. कोळशाची शेगडी तर त्याहून वाईट. गळका गॅस हा निराळा धोका. तो हवेपेक्षा जड असल्याने खिडकीतून न जाता तळाशी साचतो, म्हणून अशा गाडीच्या तळाशीच त्याला वाट ठेवावी लागते. ही वाट पुतण्याच्या गाडीत होती व त्या विषारी वायूची सूचना देणारे एक यंत्रही होते. तरीसुद्धा आम्ही सांगितले की कॉफी होईल ती दार उघडे ठेवून, शाली पांघरून. आमच्या मंडळी थोड्या रुसल्या. आठही दिवस तसेच झाले, आणि खरे सांगावयाचे तर उघड्या दारातून धुके आत येत असता होणाऱ्या कॉफीची मौज बंद दाराआड आलीच नसती.

कॉफी करण्याच्या दोन पद्धती गाडीत एकत्र नांदत होत्या. पुतण्याची पद्धत कागदाची. हातचक्कीत जाड रव्याएवढी पूड दळावयाची. पंधरा ग्रॅम पुडीस अडीचशे ग्रॅम पाणी असे तराजूने मोजावयाचे. चाडीत कागद बसवून त्यात पूड घालावयाची. आधी थोडेसेच पाणी ओतून अर्धा मिनिट थांबावयाचे. त्या वेळी पूड फुगते व बुडबुडे येतात. दाणे भाजताना त्यांत अंगारवायू कोंडला जातो तो हा बाहेर पडतो. पूड फुगली नाही तर दाणे शिळे समजावेत. मग उरलेले पाणी सावकाश. तीन मिनिटांत खाली काळसर तांबडा, पारदर्शक असा रस उतरतो. हा कागदाचा शोध ड्रेस्डेन येथील मेलिटा बेन्ट्झ या जर्मन गृहिणीने १९०८ साली लाविला, आणि त्यासाठी प्रथम तिने आपल्या मुलाच्या शाळेच्या वहीतील टीपकागद वापरिला. आम्ही चाळीस वर्षे टीपकागदावर मुलांच्या शाईचे डाग पाहिले. त्याचा असा काही उपयोग असेल, हे आमच्या स्वप्नातही आले नाही.

दुसरी पद्धत पितळी दुमजली भांड्याची. ते आमच्या मंडळींना म्हैसुरास राहणाऱ्या त्यांच्या मावशीकडून मिळालेले. वरच्या भांड्याच्या बुडास बारीक भोके. त्यात बारीक रव्याहूनही थोडी बारीक पूड घालून, दांड्याच्या चकतीने हलकेच दाबून, वर कढत पाणी ओतावयाचे आणि झाकण ठेवून विसरून जावयाचे. वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने, खालच्या भांड्यात घट्ट अर्क जमतो. तो कढत दुधात घालून, भांड्यातून वाटीत व वाटीतून भांड्यात वरून धार धरून फेस आणिला की झाली. फिरत्या घरास ही पद्धत अधिक सोयीची, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. तराजू नको, चंचुपात्र नको, फेकावयास कागद नाही. रात्री अर्क उतरवून ठेविला तर पहाटे केवळ दूध तापवावे लागते, म्हणजे गॅसही निम्मा. पुतण्याचे म्हणणे की दुधाने दाण्याचा स्वभाव झाकला जातो. ते खरे आहे. परंतु दुधावाचूनची कॉफी पिऊन आमचा चेहरा कसा झाला याचे छायाचित्र त्याने काढून ठेविले आहे.

बाजारातील पुडीत चिकोरी असते. हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. त्याने अर्कास दाटपणा व काळेपणा येतो, आणि किंमत उतरते. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे व चिकोरीचे प्रमाण वेष्टणावर छापिले पाहिजे, असा नियम आहे. पितळी भांड्यास थोडी चिकोरी आम्हांस वाईट वाटत नाही. मात्र वेष्टण वाचून घ्यावे.

तिसऱ्या दिवशी मळेवाल्यांनी एक शेरभर हिरवे दाणे दिले. त्या दिवसांत तेथे अरेबिकाची तोडणी संपत आली होती. अंगणभर दाणे वाळत पडलेले, आणि बायका फावड्यांनी ते वरचेवर परतीत होत्या. हिरव्या दाण्यांस कॉफीचा वास मुळीच नसतो. ओल्या वाटाण्यासारखा काहीसा येतो. पुतण्याने भाजण्याचे एक यंत्र घ्यावयाचे मनात आणिले होते. आमच्या मंडळींनी मळेवाल्यांच्या घरून लोखंडी कढई मागून आणिली, अंगणातल्या चुलीवर ठेविली, आणि शेंगदाणे भाजावेत त्याप्रमाणे दाणे हलविण्यास सुरुवात केली. दाणे पिवळे झाले, मग दालचिनीच्या रंगाचे झाले. वरचे पापुद्रे सुटून उडू लागले. दहा-बारा मिनिटांनी मक्याच्या लाह्यांसारखी तडतड ऐकू आली. पुतण्या घड्याळ व उष्णतामापक घेऊन शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काकू, आणखी दीड मिनिट." त्या म्हणाल्या, "मला नाकाने कळते," आणि कढई उतरवून दाणे सुपात ओतून पाखडले, म्हणजे ते लगेच निवले व पापुद्रेही गेले. यंत्रात या दोन कामांस दोन निराळे पंखे लागतात, असे पुतण्याने मागाहून कबूल केले.

त्या सुपाशीच आमच्या मंडळींनी त्यास विचारले. आम्ही योग्य प्रसंगाची वाट पाहत तीन दिवस घालविले होते, त्यांनी सूप पाखडता पाखडता सरळ विचारले, "परत कधी येणार तू? तुझे बाबा रात्रीचे जागे असतात."

तो बराच वेळ दाणे निवडीत राहिला. मग म्हणाला, "काकू, मी पळून नाही आलो. तिथे पगार होता, पण मी दिवसाला सात कप कॉफी पीत होतो आणि एकाचीही चव मला सांगता आली नसती. आता मिळकत निम्मी झाली. ती मला पुरते. बाबांना पैसे पाठवायचे मी एक महिनाही चुकवले नाहीत, ते त्यांनी तुम्हांला सांगितलं का?"

ते त्यांनी आम्हांस सांगितले नव्हते.

नंतर बोलणे झाले नाही. भाजलेले दाणे लगेच दळू नयेत, निदान एक रात्र मुरू द्यावेत, म्हणून ते डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडे ठेवून, शाली पांघरून, त्यांची कॉफी केली. पूड चाडीत अशी फुगली की कागदाच्या काठास लागली. तिच्यात चॉकलेट, संत्रे इत्यादी अनेक चवी पुतण्यास लागल्या. आम्हांस कॉफीची लागली, आणि ती चांगली होती. इतके मात्र खरे की त्या दिवशी आम्हीही दुधावाचून अर्धा कप प्यायलो.

पाण्याविषयी दोन शब्द. ओढ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी घेऊ नये. हंगामात कॉफीची फळे धुतल्याचे आंबूस पाणी ओढ्यांस मिळण्याचा संभव असतो, आणि फवारणीचाही अंश असतो. टाकीतील चाळीस लिटर पाणी तिघांस पिण्यास व स्वयंपाकास दोन दिवस पुरे, परंतु भांडी घासताना तोंडास आवर घालावा लागतो तसा हातास घालावा लागतो. पुतण्या कॉफीची भांडी प्रथम कागदाने पुसून मगच वाटीभर पाण्यात विसळीत असे. चोथा त्याने एकदाही वाटेवर टाकिला नाही. डब्यात साठवून मळेवाल्यांच्या खताच्या खड्ड्यात घातला. शाळेत वीस वर्षे सांगूनही मुले फळ्याखालचा खडूचा चुरा उचलीत नसत, हे आठवले.

मुळ्ळय्यनगिरीस सहाव्या दिवशी गेलो. मोटार जाते तेथून पुढे पायऱ्या आहेत. आमच्या गुडघ्यांनी त्या दोनदा थांबून चढल्या. माथ्यावर मुळ्ळप्पस्वामींचे लहानसे देऊळ व चोहोंकडे नुसता वारा. येथे आधणासंबंधी एक गंमत सांगण्याजोगी आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो व पाणी लवकर उकळते. दर तीनशे मीटरांस सुमारे एक अंश उतरतो. मळ्यावर, सुमारे बाराशे मीटर उंचीस, पुतण्याच्या उष्णतामापकाने उकळत्या पाण्यात शहाण्णव अंश दाखविले. माथ्यावर ते साडेत्र्याण्णवाच्या आसपास उकळेल. लेहसारख्या ठिकाणी, साडेतीन हजार मीटरांवर, अठ्ठ्याऐंशीलाच उकळते, आणि कुकरवाचून भात नीट शिजत नाही. परंतु कॉफीचा रस उत्तम उतरावयास नव्वद ते शहाण्णव अंश हेच पाणी लागते. त्याहून कढत झाले तर कडवट, त्याहून निवले तर आंबट व पुळकट. म्हणजे मैदानात आधण उतरवून क्षणभर निववावे लागते. जेथे कॉफी पिकते त्या डोंगरावर मात्र उकळते पाणी जसेच्या तसे ओतिले तरी चालते. झाडास जी उंची मानवते तीच पेयासही मानवावी, यात शास्त्र काही नाही, योगायोग आहे. परंतु आम्हांस तो आवडला.

माथ्यावर चूल अर्थातच पेटविली नाही. पहाटेच कॉफी करून, आधी कढत पाण्याने धुतलेल्या थर्मासमध्ये भरून आणिली होती. तेथेच बंधूंचा दूरध्वनी आला. वाऱ्यात अर्धे ऐकू येईना. "काय करतो तो? येतो का?" असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले की तो सहाला उठतो, अंथरुणाची घडी घालतो, दुपारी चार तास काम करतो, पाणी मोजून वापरतो, आणि पैसे वेळेवर पाठवितो असे समजले. पलीकडे बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता, का बंधूच काही बोलत नव्हते, ते कळले नाही. मग ते म्हणाले, "तुला आणायला धाडलं होतं." आणि फोन ठेविला.

आम्ही त्यास आणिला नाही. बंधू अद्याप आमच्याशी मोजकेच बोलतात. मात्र गेल्या महिन्यात त्यांनी वहिनींकरवी विचारून घेतले की गाडीत निजावयाची फळी सहा फूट आहे का, कारण ते उंच आहेत.

परतीच्या दिवशी मळेवाल्यांच्या घरी निरोपाची कॉफी आमच्या मंडळींनी आपल्या पद्धतीची केली: दूध, साखर, पूड एकत्र, वर जायफळ. मळेवाल्यांनी कप संपविला व, "ही कोणती कॉफी?" असे विचारिले. पुतण्या, जो दुधाचे नाव काढू देत नसे, त्याने दोन कप घेतले. मार्चात पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत सारे मळे पांढऱ्या फुलांनी भरतात व जाईसारखा वास सुटतो, तेव्हा पुन्हा यावे, असे मळेवाल्यांनी आग्रहाने सांगितले. फुले दोन-तीन दिवसच टिकतात, म्हणून दिवस साधावा लागतो. पाऊस पडताच कळवितो, असे पुतण्या म्हणाला. घरी येऊन सामान लाविताना जायफळाची खिसणी सापडेना. विचारता मंडळी म्हणाल्या की ती गाडीतल्या दुसऱ्या कप्प्यात, चमच्यांच्या मागे, मुद्दाम ठेविली आहे.